मायबाप कंपनी

टोकियोहून फोन आला तेव्हा मडिवाळप्पा तळहातावर मूग पसरून एका अडत्याला दाण्याचा रंग दाखवत होते. फोन त्यांच्या मुलानं, रुद्रेशनं उचलला. पलीकडचं पहिलंच वाक्य ऐकून त्यानं तो तापलेल्या वाटीसारखा दोन बोटांत धरला.

"अप्पा, जपान हाय."

"मंग मला काय दावतोस? सूनबाईला बोलव पळत!"

उदगीरच्या श्री चंद्रप्पा दाल मिलमध्ये जपानी भाषेचं खातं सूनबाईकडं, म्हणजे वर्षाराणीकडं होतं. लग्नाआधी ती पुण्यात एका जपानी कंपनीच्या स्टोअरमध्ये दोन वर्षं नोकरीला होती आणि दर रविवारी क्लासला जायची. जपानीच्या परीक्षा पाचव्या पायरीवर सुरू होतात आणि पहिल्या पायरीवर संपतात. वर्षाराणी पाचवीवरून चौथीवर आली आणि तिचं लग्न झालं. मडिवाळप्पांना याचा भारी अभिमान. मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, ते भेटेल त्याला सांगत, "आमची सून जपानीत चौथी पास हाय." ऐकणारा मनात 'चौथीच?' म्हणे आणि तोंडानं 'वा वा' म्हणे.

खुद्द वर्षाराणीला आपल्या जपानीबद्दल तिळमात्र शंका नव्हती. मोड आलेले मूग पाकिटात भरून विकणारी जपानी कंपनी तिनंच इंटरनेटवर शोधली होती. तीन महिन्यांपूर्वी त्यांना पत्र लिहून दोन किलो मूग नमुन्याला पाठवलेही होते. ते तिकडं उगवले. शंभरातले अठ्ठ्याण्णव. आणि आज हा फोन.

ऑफिसात रेंज मिळायची ती फक्त खिडकीच्या वरच्या गजापाशी. वर्षाराणी पदर खोचून स्टुलावर चढली आणि ठणठणीत आवाजात म्हणाली, "मोशी मोशी!"

पलीकडं हिराबायाशी नावाचे गृहस्थ होते. नमस्कार-चमत्कार उत्तम झाले. वर्षाराणी स्टुलावरच दोनदा कमरेत वाकली.

"मामा, ते पुढच्या गुरुवारी मिल बघायला येणारेत," तिनं फोनवर हात ठेवून सासऱ्यांना सांगितलं. "त्याआधी थोडी माहिती पाहिजे म्हणतात."

"इचार म्हणावं. आपल्याकडं लपवायसारखं काय न्हाई."

हिराबायाशींनी विचारलं, "ओया-गाइशा आहे का?" ओया म्हणजे आईवडील, हे वर्षाराणीला पक्कं ठाऊक. 'गाइशा' काही आठवेना, पण ती अडणाऱ्यांपैकी नव्हती. आदरानं लावलेलं शेपूट असणार, आपण आईसाहेब, भाऊसाहेब म्हणतो तसं.

"आईवडील आहेत का, विचारतात. फार आदरानं विचारतायत."

मडिवाळप्पा गहिवरले. "बगा," ते अडत्याला म्हणाले, "आपल्या मोंढ्यातला एक तरी माणूस मुगाच्या दराआधी आईचं इचारतो का? सांग बाई, वडील वारले. आई हाय. चौऱ्याऐंशीची हाय, पर ठणठणीत हाय."

"हाय," वर्षाराणी फोनमध्ये म्हणाली, आणि वय नि तब्येत सांगितली.

"जपानीतबी 'हाय'ला 'हाय'च म्हणत्यात?"

"हो मामा. हाय म्हणजे हो."

"आपलीच मानसं हायत," मडिवाळप्पा म्हणाले.

पुढचा प्रश्न को-गाइशाचा. को म्हणजे मूल. मुलं दोन, रुद्रेश आणि नांदेडला शाळेत शिकवणारी सुकन्या. वर्षाराणीनं तसं सांगितलं. पलीकडून आणखी एक प्रश्न आला आणि ती जरा घुटमळली.

"मामा, ते विचारतात... दोन्ही शंभर टक्के तुमचीच का?"

अडत्यानं नजर मुगात घातली.

"शंभर टक्के म्हंजे?" मडिवाळप्पांचा आवाज चढला. "माझीच हायत म्हणावं! हे काय इचारणं झालं?"

"तिकडं दत्तक घ्यायची पद्धत फार आहे मामा. म्हणून विचारलं असेल," वर्षाराणीनं समजूत काढली आणि फोनमध्ये ठासून सांगितलं, "हाय! शंभर टक्के!"

मग मागो-गाइशा. मागो म्हणजे नातू. नातू एकच, वर्षाराणीचा स्वतःचा संगमेश्वर ऊर्फ संगू. हिराबायाशींनी चौकशीच्या सुरात विचारलं, "अकाजी का?" रेंज तेवढ्यात खरखरली. वर्षाराणीला ऐकू आलं 'अकाचान', म्हणजे तान्हं बाळ. आईच ती. कौतुकानं म्हणाली, "हाय, हाय! अगदीच! अजून दोन वर्षं तरी काही खरं नाही!"

शेवटचा प्रश्न क्योदाई-गाइशाचा होता.

"भाऊ आहे का, विचारतात."

मडिवाळप्पांनी तळहातावरचे मूग हळूच पोत्यात सोडले. "न्हाई म्हण."

भाऊ होता. भिंतीपलीकडं होता. वडील चंद्रप्पांच्या दोन मुलांतला धाकटा राजशेखर. अकरा वर्षांपूर्वी वाटण्या झाल्या तेव्हा मिलच्या आवाराच्या मधोमध भिंत घालायचं ठरलं, आणि ती वजनकाट्याच्या अलीकडून घालायची की पलीकडून यावरून दोघांचं वाजलं. भिंत शेवटी काट्यापाशी येऊन थांबली, कारण काटा काही कापता येईना. बोलणं मात्र त्या दिवशी तुटलं ते तुटलंच. थोरल्यानं पाटी लावली, 'श्री चंद्रप्पा दाल मिल, जुनी'. आठवड्यानं पलीकडं पाटी लागली, 'श्री चंद्रप्पा दाल मिल, खरी'. तेव्हापासून बाहेरगावचा ट्रकवाला दोन्ही पाट्यांपुढं उभा राहून डोकं खाजवतो.

"अप्पा, खिडकीतून काकाचं धुराडं दिसतंय की," रुद्रेश हळूच म्हणाला.

वर्षाराणीनं धुराड्याकडं पाहिलं, सासऱ्यांकडं पाहिलं आणि फोनमध्ये म्हणाली, "हाय. एक."

"काय सांगितलंस?"

"आहे म्हणाले. खोटं बोलून माल विकायचा नाही, असं तुम्हीच सांगता ना मामा?"

मडिवाळप्पांनी मुगाच्या पोत्याचं तोंड घट्ट बांधलं. अडत्या मात्र खोकल्याचं निमित्त करून बाहेर जाऊन हसून आला.

इकडं सगळं असं सुरळीत पार पडलं, तिकडं टोकियोत हिराबायाशी थक्क होऊन आपल्या फायलीकडं बघत होते. जपानी लोक कंपन्यांची नातीसुद्धा घरच्यासारखी सांगतात. जी कंपनी दुसरीची मालक, ती ओया-गाइशा, मायबाप कंपनी. जिच्यावर मालकी, ती को-गाइशा, लेकरू कंपनी. लेकराच्या हाताखालची ती मागो-गाइशा, नातू कंपनी. आणि एकाच मायबापाच्या दोन कंपन्या म्हणजे क्योदाई-गाइशा, भाऊ-कंपन्या. कंपनीला जपानीत 'काइशा' म्हणतात हे वर्षाराणीला येत होतं. दुसऱ्या शब्दाला चिकटली की तीच 'गाइशा' होते, हे चौथ्या पायरीच्या पुस्तकात तिच्या वाचनात आलं नव्हतं. आणि 'अकाजी' म्हणजे तोटा.

तेव्हा फायलीत नोंद झाली ती अशी: मायबाप कंपनी एक, चौऱ्याऐंशी वर्षं जुनी, प्रकृती भक्कम. पूर्ण मालकीच्या लेकरू कंपन्या दोन. नातू कंपनी एक, सध्या तोट्यात, दोन वर्षं सुधारायची आशा नाही, पण मालक अतिशय प्रसन्नपणे कबूल करतात. भाऊ-कंपनी एक.

तालुक्याच्या गावात एवढा मोठा उद्योगसमूह! हिराबायाशींनी वर अहवाल पाठवला आणि इकडं निरोप दिला: गुरुवारी सगळ्यांच्या प्रमुखांना भेटायची इच्छा आहे.

"सगळ्यांना भेटायचंय त्यांना," वर्षाराणीनं घरी जाहीर केलं. "अव्वांना, मुलांना, संगूला. आणि धाकट्या मामांना."

अव्वा म्हणजे मडिवाळप्पांच्या आई, नीलम्मा. त्या शेंगा निवडत होत्या. त्यांनी एक शेंग फोडली, दाणे खाल्ले आणि म्हणाल्या, "शहाणा दिसतो मानूस."

सुकन्यानं नांदेडहून रजा काढली. प्रश्न होता राजशेखरला कोण सांगणार याचा. मडिवाळप्पा म्हणाले, "मी भिंत वलांडणार न्हाई." रुद्रेश म्हणाला, "काका मला बघून तोंड फिरवतो." शेवटी वर्षाराणीच संगूला कडेवर घेऊन भिंतीला वळसा घालून गेली.

राजशेखर आपल्या नव्या मशीनपाशी उभा होता. डोळा लावल्यासारखं एकेक दाण्याचा रंग ओळखून काळा दाणा बाहेर फेकणारं ते मशीन उदगीरात तेव्हा मोजक्या जणांकडं होतं. वर्षाराणीनं सगळं सांगितलं.

"मला कामून? अण्णानं बोलावलंय का?"

"जपाननं बोलावलंय."

"जपानला मी कसा म्हाईत?"

"त्यांनी फोनवर विचारलं, भाऊ आहे का."

राजशेखरनं मशीन बंद केलं. "आन् अण्णाकडनं काय जवाब गेला?"

"आमच्याकडून 'हाय' असा जवाब गेला," वर्षाराणी म्हणाली. यात खोटं एक अक्षर नव्हतं.

राजशेखर बराच वेळ मशीनच्या काचेवरची धूळ पुसत राहिला. मग म्हणाला, "येतो. पर खुर्ची अण्णाच्या बरोबरीची पाहिजे. पिलास्टिकची चालणार न्हाई."

गुरुवारी अकरा वाजता हैदराबादकडून गाडी आली. हिराबायाशी पन्नाशीचे, सडपातळ, ऑक्टोबरच्या उन्हात गळ्यापर्यंत बटणं लावलेले. सोबत दुभाषा नव्हता. तशी गरज नाही, असं वर्षाराणीनंच कळवलं होतं.

ऑफिसात मध्यभागी अव्वा बसल्या होत्या. इरकली लुगडं, कपाळावर विभूतीचे पट्टे, मांडीवर कापडी पिशवी. एका बाजूला मडिवाळप्पा, दुसऱ्या बाजूला राजशेखर. लाकडी खुर्च्या एकसारख्या, रुद्रेशनं टेप लावून अव्वांपासून सारख्या अंतरावर ठेवलेल्या.

"ओया-गाइशा?" हिराबायाशींनी अव्वांकडं बघत विचारलं.

"हाय!" वर्षाराणी म्हणाली.

हिराबायाशी इतके खाली वाकले की रुद्रेशला वाटलं त्यांचं काही पडलं. दोन्ही हातांत धरून त्यांनी अव्वांना आपलं कार्ड दिलं. अव्वांनी ते दोन्ही बाजूंनी वाचलं, पिशवीत टाकलं आणि म्हणाल्या, "बस बाळा. उन्हातनं आलास."

मग लेकरू कंपन्या. रुद्रेशला कार्ड मिळालं. सुकन्याला कार्ड देऊन त्यांनी विचारलं, आपलं कामकाज कशाचं? गणित शिकवते, वर्षाराणीनं सांगितलं. हिराबायाशींनी वहीत 'शिक्षण क्षेत्र' असं लिहून खाली रेघ मारली.

"आणि मागो-गाइशा?"

वर्षाराणीनं संगूला पुढं उभं केलं. हिराबायाशींनी दोन्ही हातांत कार्ड धरून संगूच्या डोक्यावरून मागं पाहिलं. मागं भिंत होती. त्यांनी दाराकडं पाहिलं. दारात कोणी नव्हतं. तेवढ्यात संगूनं टाचा उंचावून कार्ड घेतलं आणि तोंडात घातलं.

जपानी माणसाच्या कार्डाचा मान किती असतो हे वर्षाराणीला क्लासमध्ये एक अख्खा रविवार शिकवलं होतं. ती धावली. पण हिराबायाशी कार्डाकडं बघतच नव्हते. ते सावकाश बॅग उघडून एक मोठा कागद टेबलावर पसरत होते. कागदावर चौकटी आणि चौकटींना जोडणाऱ्या रेघा. सर्वांत वर एक चौकट, तिच्याखाली शेजारी शेजारी दोन, त्यांतल्या एकीखाली आणखी दोन, सर्वांत खाली एक. प्रत्येक चौकटीत नावाच्या शेवटी तीच दोन अक्षरं.

ती दोन अक्षरं वर्षाराणीला वाचता येत होती. अगदी पहिल्या पुस्तकातली होती. 'कंपनी.' तिनं सहाही चौकटी वाचल्या. कंपनी, कंपनी, कंपनी, कंपनी, कंपनी, कंपनी. तिच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या.

"काय झालं?" मडिवाळप्पांनी विचारलं.

"मामा," ती म्हणाली, "माझी चूक झाली. त्यांनी माणसांचं विचारलंच नव्हतं. कंपन्यांचं विचारलं होतं. मायबाप कंपनी, लेकरू कंपनी, भाऊ-कंपनी, अशी नावं असतात त्यांच्यात. मी आपलं घरातलं सगळं सांगून बसले."

मडिवाळप्पांना उलगडा व्हायला थोडा वेळ लागला. "म्हंजे ते शंभर टक्के इचारलं ते..."

"कंपनीचं."

"आन् मी इकडं मोंढ्यापतुर आवाज केला!"

सुकन्या तोंडावर ओढणी धरून हसू दाबत होती. हसला नाही तो राजशेखर. तो उठून उभा राहिला.

"म्हंजे भावाची गरज न्हवतीच," तो म्हणाला. "जातो मी."

खुर्चीच्या हातावरची मडिवाळप्पांची बोटं आवळली.

वर्षाराणी हिराबायाशींच्या समोर जाऊन उभी राहिली. आजवरचं तिचं सगळ्यांत शुद्ध जपानी ती त्या दिवशी बोलली, कारण वाक्यं छोटी होती. "चूक माझी आहे. या कंपन्या नाहीत. ही माणसं आहेत. हे माझे सासरे. या त्यांच्या आई. हा माझा मुलगा. तोट्यात नाही, लहान आहे. यांच्यातलं कोणीही तुमच्याशी खोटं बोललेलं नाही."

हिराबायाशींनी पेनाला टोपण लावलं. ते बराच वेळ हळू आवाजात बोलले. वर्षाराणीनं या वेळी प्रत्येक शब्द पुन्हा पुन्हा विचारून घेतला आणि मगच सांगितलं. मूग त्यांना पसंत आहेत. पण त्यांना माल फार लागतो. तो ठेवायला मोठं कोरडं गोदाम पाहिजे आणि निवडायला रंग ओळखणारं मशीन पाहिजे. एका मिलचं हे काम नाही. भाऊ-कंपनी आहे म्हणून ते एवढ्या लांब आले. वर तसा अहवालही देऊन बसलेत.

गोदाम भिंतीच्या अलीकडं होतं, मशीन पलीकडं. हे ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं. राजशेखर दारापर्यंत पोचला होता.

"वर्षाराणी," अव्वा म्हणाल्या, "मायबाप कंपनी म्हंजे काय, ते मला नीट सांग."

"ज्या कंपनीचा दुसऱ्या कंपनीत निम्म्याहून जास्त हिस्सा असतो, ती त्या दुसरीची मायबाप, अव्वा."

"निम्म्याहून जास्त. एक्कावन टक्के चालतो का?"

"चालतो."

अव्वांनी पिशवीतून चष्म्याचं घर काढलं, पानाची चंची काढली, हिराबायाशींचं कार्ड काढलं आणि तळातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले कागद काढले.

"राजा, बस खाली," त्या दाराकडं न बघता म्हणाल्या. राजशेखर बसला.

"वाटण्या झाल्या तवा तुमचे वडील होते. त्यांनी जुनी चंद्रप्पा अँड कंपनी मोडली न्हाई, माझ्या नावावर केली. आन् तुमच्या दोघांच्या मिलमधी तिचा हिस्सा ठिवला, एक्कावन, एक्कावन. पोरं भांडत्यात, आईचं वजन जास्त पाहिजे, म्हणाले."

"आम्हाला कोणी सांगितलं न्हाई," मडिवाळप्पा म्हणाले.

"दर वर्साला दोघं येता की सहीला. येगयेगळ्या दिवशी येता. कागद पुढं करता, 'अव्वा, हितं कर' म्हणता. मी वाचून करते सही. तुम्ही कवा वाचलं न्हाई."

दोघा भावांनी एकाच वेळी कागदाला हात घातला. एका टोकाला थोरला, दुसऱ्या टोकाला धाकटा. कागद एकच असल्यामुळं डोकी जवळ आणावी लागली. दोघंही वाचत होते आणि दोघांच्याही ओठांची हालचाल सारखी होत होती, हे सुकन्याच्या लक्षात आलं.

वर्षाराणीनं जपानीत सांगायला सुरुवात केली. आकडे तिला चांगले येत. हिराबायाशींनी पेनाचं टोपण काढलं. बॅगेतून पट्टी काढली. आपल्या कागदावरच्या रुद्रेशच्या, सुकन्याच्या आणि संगूच्या चौकटींवर त्यांनी सरळ, नीट काट मारली. वर राहिली एक चौकट, खाली राहिल्या दोन.

"ओया-गाइशा," ते वरच्या चौकटीवर बोट ठेवून म्हणाले. खालच्या दोन्हींवर बोट फिरवलं. "क्योदाई-गाइशा."

"एका आईच्या दोन कंपन्या," वर्षाराणी म्हणाली. "भाऊ-कंपन्या. बरोबरच होतं म्हणतात त्यांचं."

"त्यांचं कामून? माझं बरोबर होतं म्हण," अव्वा म्हणाल्या. मग मुलांकडं वळल्या. "आता बोला. पाव्हण्याला गोदाम पाहिजे आन् मशीन पाहिजे. देणार का?"

मडिवाळप्पा खिडकीकडं बघत म्हणाले, "सूनबाई, त्याला इचार, मशीन द्यायला तयार हाय का."

राजशेखर दाराकडं बघत म्हणाला, "वर्षाराणी, त्यांना सांग, आधी गोदामाचं काय ते बोला म्हणावं."

"ती पोरगी जपानीसाठी बसलीय," अव्वा कडाडल्या. "तुमच्या दोघांसाठी न्हाई. तुमची बोली एकच हाय. सरळ बोला!"

हिराबायाशींना शब्द कळले नसावेत, पण तेसुद्धा ताठ बसले.

थोरल्यानं घसा साफ केला. "मशीन... तासाला किती काढतंय?"

"दोन टन," धाकटा म्हणाला. "गोदामात ओल येत न्हाई ना? पूर्वी उत्तरेच्या भिंतीला यायची."

"ती भिंत मी नवी बांधली. चार वरसं झाली."

"मला कसं कळणार?"

"येऊन बघायचं."

एवढं झालं आणि दोघंही थकल्यासारखे मागं टेकले. अव्वांनी हिराबायाशींकडं मोर्चा वळवला. "आमचं ठरलं. आता तू कवा 'हो' म्हणतोस ते इचार त्याला."

प्रश्न जपानीत पोचला आणि हिराबायाशी पहिल्यांदाच अवघडले. ते आवाज खाली आणून काहीतरी बोलले. वर्षाराणीनं दोनदा विचारून खात्री केली.

"अव्वा, ते म्हणतात, त्यांना स्वतःला 'हो' म्हणता येत नाही. त्यांची कंपनी नातू कंपनी आहे. ती आधी लेकरू कंपनीला विचारणार. लेकरू कंपनी मायबाप कंपनीला विचारणार. मग खाली उत्तर येणार."

अव्वांनी त्या गळ्यापर्यंत बटणं लावलेल्या साहेबाकडं नव्या नजरेनं पाहिलं. "म्हंजे हा नातू हाय! मंग एवढा वेळ उपाशी कामून बसवलाय त्याला? ताट आणा."

मोड आलेल्या मुगाची उसळ, ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी. हिराबायाशींनी उसळीतला एकेक मूग चमच्यावर घेऊन मोडाची लांबी पाहिली आणि मग खाल्ला. चटणीनं डोळ्यांत पाणी आलं, तरी दुसऱ्यांदा मागितली. निघताना ते अव्वांपुढं पुन्हा वाकले. अव्वांनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला आणि बजावलं, "मोठ्यांना नीट समजावून सांग. भिऊ नको."

बारा दिवसांनी होकार आला. सोबत एक करारपत्र होतं, इंग्रजी आणि जपानी, पाच पानांचं. खाली एकच सही पाहिजे होती, मायबाप कंपनीची. शेवटची तारीख सव्वीस.

वर्षाराणीनं त्याचं मराठी करून दिलं. या वेळी प्रत्येक शब्द डिक्शनरीत पाहून, शिवाय पुण्याच्या क्लासमधल्या आपल्या जुन्या बाईंना फोन करून. कागद अव्वांपुढं ठेवले. अव्वा म्हणाल्या, "ठिव तितं. वाचून बगते."

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता मडिवाळप्पा सहीचं विचारायला आले, आणि तेवढ्यातच राजशेखरही आला. अव्वांचं वाचून झालं नव्हतं. दोघं ओसरीत बसले. खुर्च्या प्लास्टिकच्याच होत्या, पण राजशेखर काही बोलला नाही. तिसऱ्या दिवशी अव्वांचा चष्मा सापडत नव्हता. चौथ्या दिवशी त्यांना तिसऱ्या पानावर शंका होती. पाचव्या दिवशी सोमवार होता, उपास, डोकं चालत नव्हतं. दोघं रोज यायचे, चहा प्यायचे, जायचे. आधी नुसते बसायचे. मग मशीनचा विषय निघाला, मग मुगाचा, मग वडिलांना कमी साखरेचा चहा दिला की ते कप कसा परत पाठवायचे त्याचा. सहाव्या दिवशी वर्षाराणी चहा घेऊन गेली तेव्हा राजशेखर हसता हसता मांडीवर थाप मारत होता आणि ती थाप मडिवाळप्पांच्या मांडीवर पडत होती.

आठव्या दिवशी तिला राहवेना.

"अव्वा, काही कळत नसेल तर मी वाचून दाखवू का?"

अव्वा देवघरापुढं वाती वळत होत्या. चष्मा डोळ्यांवर होता. "पहिल्याच दिवशी वाचलं सगळं. चौथ्या पानावर राजशेखरच्या नावात चूक हाय तुझी. नीट कर."

"मग सही?"

"तारीख कवाची दिलीय?"

"सव्वीस."

"आज किती?"

"एकोणीस."

"मंग घाई काय हाय?" अव्वा म्हणाल्या आणि पुढची वात वळायला घेतली. "त्यांना जाऊन सांग, मायबाप कंपनीचा इचार चालू हाय."

वर्षाराणी ओसरीत आली. निरोप जसाच्या तसा सांगितला. दोन्ही भावांनी तो गंभीरपणे ऐकला आणि माना डोलावल्या. एवढ्या मोठ्या कामाला वेळ लागणारच. राजशेखरनं चप्पल घातली, दोन पावलं गेला, थांबला आणि मागं वळला.

"अण्णा, उद्या किती वाजता येतोस?"

"अकराला."

"जरा साडेधाला ये की," राजशेखर म्हणाला. "अकराला आलं की लगेच जेवायची येळ होतीय."